डोंबिवलीचा फ्लॅट विकून स्पेनला जावं का?

पत्र: मी ६२ वर्षांचा, बँकेतून निवृत्त. पत्नी ५९ वर्षांची, शाळेतून निवृत्त. दोघांचं पेन्शन आणि ठेवींचं व्याज मिळून महिना साधारण एक लाख साठ हजार येतात. एकुलती मुलगी नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला नोकरी करते. मी गेले वर्षभर स्पेनच्या कोस्ता ब्लांका किनाऱ्याचे व्हिडिओ पाहतोय. वर्षभर ऊन, समोर समुद्र, मुंबईपेक्षा स्वस्त भाजी, आणि मुलगी अडीच तासांवर. डोंबिवलीचा टू बीएचके विकला तर एक कोटी दहा लाख येतील. तेवढ्यात तोरेव्हिएखा या गावी छोटं घर मिळतं म्हणे. पत्नीचं माहेर मडगावचं, तिलाही समुद्र आणि मासळी प्रिय. तुम्ही तिथे राहता म्हणून विचारतो, फ्लॅट विकून टाकू का?

(खाली वेगळ्या अक्षरात: "यांना समुद्र हवाय. मला रोज बोलायला माणूस लागतं. ते मिळेल का तेवढं सांगा.")

उत्तर:

नमस्कार,

फ्लॅट विकू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण एजंटाला टोकन द्यायच्या बेतात तुम्ही आहात असा मला दाट संशय आहे. स्पेनला येऊ नका असं मात्र मी म्हणत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तुमच्या पत्रात त्या एकमेकींत अडकल्या आहेत.

मी रत्नागिरीची. नवऱ्याची नोकरी एल्चे गावच्या चपला-बुटांच्या धंद्यात, म्हणून चौदा वर्षांपूर्वी याच कोस्ता ब्लांकावरच्या आलिकांतेला आले आणि राहिले. तुम्ही व्हिडिओत पाहता ते खोटं नाही. वर्षाला जेमतेम तीनशे मिलिमीटर पाऊस, जानेवारीतही दुपारी स्वेटर काढून बसावं असं ऊन, आणि समुद्राला आपल्या अरबी समुद्रासारखी भरती-ओहोटी जवळपास नाहीच. पहिल्या वर्षी मी ओहोटीची वाट पाहत बसायचे. पाणी आपलं तिथल्या तिथे!

पण हे 'स्वस्त' कोणाला? व्हिडिओ करणारा बहुतेक करून ब्रिटिश असतो, नाहीतर नॉर्वेजियन किंवा डच. त्याचं पेन्शन पौंडात किंवा युरोत येतं, आणि मँचेस्टरच्या भाड्यापुढे त्याला इथलं भाडं स्वस्तच वाटणार. तुमचं पेन्शन रुपयात आहे. बाजारातल्या टोमॅटोचा भाव काय, हा तुमच्यासाठी दुय्यम प्रश्न. युरोचा भाव काय, हा पहिला. २०१५ मध्ये युरो सत्तर-पंचाहत्तर रुपयांच्या घरात होता, आता शंभरी ओलांडून गेलाय. म्हणजे इथल्या दुकानदाराने एक सेंटही न वाढवता तुमचा खर्च दहा वर्षांत चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढला असता.

आता आकड्यांकडे येऊ. बँकेत आयुष्य गेलंय, तेव्हा हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं कराल, पण मी १०५ रुपयांचा युरो धरून मांडते. आलिकांते शहरात दोन बेडरूमचं साधं घर, समुद्र दिसत नाही पण चालत जाता येतो असं, ९०० ते ११०० युरोंना मिळतं. तोरेव्हिएखाला थोडं कमी. वीज, पाणी, इंटरनेट दीडशे-पावणेदोनशे. दोघांचं वाणसामान, भाजी, मासळी चारशे-साडेचारशे. खाजगी आरोग्य विमा तुमच्या वयाला दोघांचा मिळून दोनशे-तीनशे. बस-ट्राम, फोन, औषधं, कधीतरी बाहेर जेवण. काटकसरीने राहिलात तरी २,२०० युरो धरा. म्हणजे दोन लाख तीस हजार रुपये. तुमची आवक एक लाख साठ. दरमहा सत्तर हजारांची तूट, वर्षाची साडेआठ लाख. भारतात एक फेरी, व्हिसाची कागदपत्रं, एखादं आजारपण धरलं की अकरा-बारा लाख. फ्लॅटचे एक कोटी दहा लाख या हिशेबाने नऊ-दहा वर्षं पुरतात, आणि रुपया असाच घसरत राहिला तर सात-आठ. तेव्हा तुम्ही सत्तरीत असाल आणि डोंबिवलीत घर नसेल. शिवाय बँकवाल्यांच्या पेन्शनचं दुखणं तुम्हाला माहीत आहेच. महागाई भत्ता हलतो, मूळ पेन्शन आहे तिथेच. वहिनींचं सरकारी पेन्शन निदान वेतन आयोगाबरोबर सुधारतं, तुमचं 'अपडेशन' मागून मागून लोक थकले.

आणि पैसे फ्लॅट विकून इथलं घर घेण्यात घातलेत तर भाडं वाचेल, पण तुटीला गंगाजळी उरणार नाही. एक कोटी दहा लाखांचे होतात जेमतेम एक लाख पाच हजार युरो. जुन्या घरावर मालमत्ता हस्तांतरणाचा कर इथल्या प्रांतात साधारण नऊ-दहा टक्के, वर नोटरी, नोंदणी, वकील. हातात येईल ते एक बेडरूमचं, बहुधा लिफ्ट नसलेलं. आणि महत्त्वाचं म्हणजे घर विकत घेतल्याने राहायचा हक्क मिळत नाही. पाच लाख युरोंची मालमत्ता घेणाऱ्याला मिळणारा 'गोल्डन व्हिसा' होता, तोही ३ एप्रिल २०२५ पासून बंद झाला. तुमच्या व्हिडिओवाल्याने हे सांगितलं नसेल.

राहायचा हक्क मिळतो तो 'नो लुक्रातिव्हा' व्हिसावर, म्हणजे इथे कमाई न करता स्वतःच्या पैशावर राहणाऱ्यांचा परवाना. त्याला आवक किंवा शिल्लक दाखवावी लागते. स्पेन सरकारचा इप्रेम नावाचा एक निर्देशांक आहे, महिना ६०० युरो. मुख्य अर्जदाराला त्याच्या चौपट, जोडीदारासाठी आणखी एकपट. दोघांचे महिन्याला ३,०००, वर्षाला ३६,००० युरो. रुपयात अडतीस लाखांच्या जवळपास. तुमची वर्षाची आवक एकोणीस-वीस लाख. म्हणजे उरलेलं शिल्लकीतून दाखवायचं. आणि गंमत पुढे आहे. पहिला परवाना एक वर्षाचा, नंतरचा दोन वर्षांचा, म्हणून नूतनीकरणाला दोन वर्षांची रक्कम, ७२,००० युरो, दाखवावी लागते. हे पैसे खर्च करायचे नसतात, पण असावे लागतात. याच व्हिसावर ऑनलाइन शिकवण्यासुद्धा करता येत नाहीत, वहिनींनी तसा काही बेत केला असेल तर.

कर हा वेगळा विषय आहे आणि मी सीए नाही. पण वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त इथे राहिलात की तुम्ही स्पेनचे कररहिवासी, आणि मग जगभरातल्या उत्पन्नाचा हिशेब इथे द्यावा लागतो. भारत-स्पेन दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्यामुळे एकाच पैशावर दोनदा भरडले जाणार नाही. तरी आपल्याकडे करमुक्त आहे ते इथे करमुक्त असेलच असं नाही. पीपीएफचं व्याज हे नेहमीचं उदाहरण. परदेशात एका प्रकारची मालमत्ता पन्नास हजार युरोंच्या वर असेल तर तिचं विवरणपत्रही भरावं लागतं, आणि डोंबिवलीचा फ्लॅट त्यात आलाच. तिकडे बँकेला अनिवासी झाल्याचं कळवायचं, खाती एनआरओ, म्हणजे अनिवासींची, करायची. आणि नोव्हेंबरातला हयातीचा दाखला विसरायचा नाही. आपला दूतावास माद्रिदला आहे, आलिकांतेहून वेगवान रेल्वेने अडीच तास.

आता राहण्याबद्दल. थंडीबद्दल आधी सांगते, कारण हे कोणीच सांगत नाही. इथली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात. जमिनीला फरशी, भिंतींना ओल, हीटर बहुतेक ठिकाणी नाहीच. जानेवारीत रात्री बाहेर सहा-सात अंश आणि घरात चौदा. दुपारी गच्चीत ऊन खात बसलेला माणूस रात्री घरात कानटोपी घालून बसतो. जुन्या घरांत गोल टेबलाखाली शेगडी ठेवून वरून जाड चादर सोडतात आणि सगळे पाय आत घालून बसतात, त्यावरून ओळखा. गॅसचा हीटर घेतलात तर ब्युटेनचं नारिंगी सिलिंडर जिना चढवत न्यावं लागतं. सिलिंडर संपायची भीती मला वाटलं होतं दादरलाच सोडून आले.

उन्हाळा उलट्या कारणाने अवघड. ऑगस्टमध्ये तोरेव्हिएखा ओळखू येत नाही. माद्रिदची निम्मी मंडळी इथे उतरल्यासारखी वाटतात, आणि म्हणूनच घरमालक तुम्हाला 'हंगामी' करार देऊ पाहतात, सप्टेंबर ते जून. आमच्या पहिल्या घरमालकाने हेच केलं. मे महिन्यात गोड बोलून सांगितलं, पंधरा जूनला घर रिकामं करा. आम्हाला भाषा येत नव्हती, करारात काय आहे ते वाचताच आलं नव्हतं. कायमस्वरूपी राहण्याचा करार केलात तर कायद्याने भाडेकरूला पाच वर्षांपर्यंत राहता येतं आणि अनामत एका महिन्याच्या भाड्याची. हंगामी कराराला हे संरक्षण नाही. भाडं पन्नास युरोंनी कमी आहे म्हणून हंगामी करार घ्यायचा मोह होईल, आवरा.

पावसाचं म्हणाल तर तीनशे मिलिमीटर हे सरासरीचं सुख आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये समुद्र तापलेला असतो आणि वर थंड हवेचा भोवरा आला की वर्षाचा पाऊस एका दिवसात कोसळतो. २९ ऑक्टोबर २०२४ ला शेजारच्या व्हॅलेन्सिया भागात दोनशेहून जास्त माणसं गेली. २०१९ च्या सप्टेंबरात आमच्याच जिल्ह्यात सेगुरा नदीने ओरिउएला आणि आसपासची गावं बुडवली होती. २६ जुलै तुम्ही पाहिलाय, तेव्हा जास्त सांगत नाही. तळमजला घेऊ नका, एवढंच.

तोरेव्हिएखाला माझा खरा आक्षेप वेगळा आहे. तुमच्या बजेटमधली जी घरं व्हिडिओत दिसतात, ती गावात नसतात. गावाबाहेर चार-पाच किलोमीटरवर 'उर्बानिसासियोन' म्हणजे वसाहती असतात. पांढरी घरं, मध्ये पोहण्याचा तलाव, कमानीवर बोगनवेल. दिसायला अलिबागचा रिसॉर्ट. पण दूध आणायला गाडी लागते, बस दिवसातून मोजक्या, आणि हिवाळ्यात निम्म्या घरांच्या परसियाना, म्हणजे खिडक्यांवरच्या गुंडाळायच्या झडपा, सहा महिने खाली. भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स इथे राहायचा परवाना घेऊन आल्यापासून सहा महिनेच चालतं, पुढे इथली परीक्षा द्यावी लागते. तुम्ही द्याल. वहिनी मात्र त्या वसाहतीत अडकतील.

इथेच मी त्यांच्या दोन ओळींकडे येते. वहिनी, तुमचा प्रश्न ह्यांच्या सगळ्या हिशेबापेक्षा नेमका आहे.

बोलायला मराठी माणूस इथे फारसं मिळणार नाही. स्पेनमधले जुने भारतीय म्हणजे कॅनरी बेटांवरचे सिंधी व्यापारी, ते आफ्रिकेच्या बाजूला. बार्सिलोनाला पंजाबी पुष्कळ. आलिकांतेत आम्ही काही घरं आहोत, गणपतीला आणि दिवाळीला भेटतो, आणि बाकी वर्षभर व्हॉट्सॲपवर 'कोणाकडे कढीपत्ता आहे का' असं चालतं. रोजचं बोलणं स्पॅनिशमध्येच. पण स्पॅनिश माणूस बोलायला कंटाळत नाही, हे मी रत्नागिरीची असून सांगते. इथला मधला बाजार, मेर्कादो सेंत्राल, त्यात मासळी, मटण, भाजी सगळं. मासळीवाली तुम्हाला विचारल्याशिवाय सोडत नाही, कुठून आलात, मुलं किती, हा मासा तिकडे कसा करता. बांगड्याला काबाया म्हणतात, आपल्यापेक्षा थोडा वेगळा पण तिरफळ घालून आमटी झकास होते. तारली स्वस्त. देनियाची लाल कोळंबी बघायची फक्त, भाव ऐकून मडगावही स्वस्त वाटेल. सांता पोला किंवा व्हियाखोयोसाला दुपारी होड्या परतल्या की लिलाव होतो, तो पाहायला मिळाला तर घरी आल्यासारखं वाटेल. आणि जुन्या वस्त्यांत उन्हाळ्याच्या रात्री बायका दारात खुर्च्या टाकून बसतात. त्याला 'आ ला फ्रेस्का' म्हणतात, गारव्याला बसणं. आपल्या ओट्यावरच्या गप्पाच. पण ते वसाहतीत होत नाही, शहरातल्या जुन्या पेठांत होतं. म्हणून राहायचंच तर आलिकांते शहरात बेनालुआ किंवा कारोलिनास अशा वस्तीत राहा. लिफ्ट आहे का ते बघा, खाली दवाखाना आणि बाजार चालत आहेत का ते बघा. समुद्र ट्रामने दहा मिनिटांवर असला तरी पळून जात नाही.

मग करायचं काय? शेंगेन, म्हणजे स्पेन-नेदरलँड्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक, पर्यटक व्हिसावर या, जानेवारी ते मार्च. तो काळ मुद्दाम निवडा, कारण तेव्हा थंडी, ओल आणि एकटेपणा तिन्ही एकदम भेटतात. तो गेला तर बाकीचं वर्ष जाईल. फ्लॅट तीन महिने कुलूप लावून ठेवा. एक धोका तेवढा लक्षात ठेवा. शेंगेनचे १८० दिवसांतले ९० दिवस सगळ्या देशांचे मिळून असतात. आइंडहोव्हनला मुलीकडे काढलेला आठवडा याच नव्वदातून वजा होतो. मी दोन कुटुंबं पाहिली ज्यांना वाटलं, नेदरलँड्स वेगळं मोजतात. दर महिन्याचा खर्च युरोतच लिहा, मनात रुपयात गुणत बसू नका, त्याने कॉफीसुद्धा कडू लागते.

दुसरं, आणि हे मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलं, कारण तुम्ही ते पत्रात सहज लिहून पुढे गेलात. वहिनींचं माहेर मडगाव. त्यांचे वडील गोव्यात १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जन्मले असतील, आणि वहिनींचं वय पाहता ते असणारच, तर पोर्तुगालच्या कायद्याने त्यांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. तसं झालं तर त्या युरोपीय संघाच्या नागरिक. त्यांना स्पेनमध्ये राहायला व्हिसा लागत नाही. विमा आणि पुरेसं उत्पन्न दाखवावं लागतं, पण ते ३६,००० युरोंच्या बरंच खाली असतं, आणि तुम्हाला पती म्हणून राहण्याचं कार्ड मिळतं. मुलीचाही विचार त्यात करता येईल.

याची किंमतही ऐका. दुसरं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड काढता येतं, फ्लॅट ठेवता येतो, पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. कागदपत्रं वडिलांच्या जन्मनोंदीपासून, आईवडिलांच्या लग्नाच्या नोंदीपर्यंत लागतात, नावांची स्पेलिंगं तीन ठिकाणी तीन असतात, आणि लिस्बनमध्ये फाइल वर्षानुवर्षं पडून राहते. गोव्यात यावर जगणारे दलाल खूप आहेत. आधी पैसे मागणाऱ्याला एकदम सगळे देऊ नका. वहिनींना हे करावंसं वाटेल की नाही हे त्यांनीच ठरवायचं. तुम्ही त्यांच्या वतीने 'हो' म्हणू नका. समुद्र तुम्हाला हवाय, पासपोर्ट त्यांचा जाणार आहे.

जाता जाता पोर्तुगालचंच सांगते. तुम्ही शोधत गेलात की अल्गार्व्ह किनारा समोर येईल, निवृत्तांसाठीच्या डी-सेव्हन व्हिसाची उत्पन्नाची अट स्पेनपेक्षा बरीच कमी आहे म्हणून. छान आहे. पण तो भूमध्य समुद्र नव्हे, अटलांटिक आहे. पाणी जुलैतही गार लागतं. तुम्ही पाण्यात उतरणार असाल तरच हे महत्त्वाचं, किनाऱ्यावर बसून पेपर वाचणार असाल तर नाही.

वहिनींसाठी एक काम आत्ताच देते. येण्याआधी स्पॅनिशमध्ये एक ते शंभर आकडे, भाज्यांची नावं आणि 'जरा हळू बोला' एवढं पाठ करून या. मासळीवाली बाकीचं शिकवेल. आणि येताना तिरफळं आणा. इथे शोधून शोधून थकले, मिळत नाहीत. माझ्यासाठीही मूठभर जास्त.